एका माणसाची खोली

रविवारी सकाळी वानेसने हवामान बघायला घरातला सगळ्यांचा कॉम्प्युटर उघडला, तर पावसाच्या ढगाशेजारीच जाहिरात: ‘गेंटमध्ये सुटसुटीत खोली. एका माणसासाठी.’

अशी जाहिरात घरातल्या कुणी तसं काही शोधल्यावरच येते, आणि घरात माणसं तीन. वानेस, शाळेत शिकवणारी त्याची बायको गोडेले आणि अठरा वर्षांची मुलगी योरिंडे. बेल्जियममधल्या मेखेलेन गावातलं हे घर सोडून एकट्याने राहायला कोण निघालं होतं?

कुणी काय शोधलं ते दोन मिनिटांत कळलं असतं. पण वानेस ब्रसेल्समध्ये जाहिरात कंपन्यांच्या संघटनेत होता. कंपन्यांनी लोकांच्या मागावर किती राहायचं, याचे नियम कंपन्या आपणच करत आणि ते लिहून काढायचं काम याच्याकडे असे. दुसऱ्याने काय शोधलं ते चोरून बघणं म्हणजे त्याची पत्रं फोडणं, असं तो वीस वर्षं घरीदारी सांगत आला होता. आता कुठल्या तोंडाने बघणार?

सोमवारी जाहिरातीत एकट्यापुरतं कढलं आलं. मंगळवारी एकेरी पलंगाची चादर. योरिंडेचं नाव त्याच्या मनातही आलं नाही. ती त्याच्या लेखी अजून सातवीतच होती. धीर सुटून त्याने टाइप केलं, ‘बायको सोडून जाणार असेल तर काय करावं?’

बुधवारी गोडेले मुलांसाठी शुद्धलेखनाचे कागद छापायला बसली. समोर जाहिरात: ‘घटस्फोट? भांडण न करता, सन्मानाने.’ तिनेही मागचं काही उघडून पाहिलं नाही. नवऱ्याचीच शिकवण.

मग दोघंही भलतंच गोड वागू लागली. त्याने न सांगता खिडक्या पुसल्या. तिने त्याच्या शर्टांना इस्त्री केली.

“कशाला गं त्रास घेतेस?”

“असू दे. आता राहिलेत किती दिवस?” ती पुटपुटली, आणि वानेस पुसलेलीच खिडकी पुन्हा पुसायला लागला.

शुक्रवारी जेवायला शिंपले आणि तळलेले बटाटे होते.

“त्या खोलीत उजेड तरी आहे का?” त्याने विचारलं.

“कुठल्या खोलीत? आणि तू वकील कुठला गाठलास, ते सांग आधी!”

“वकील? मी?”

“मग काय मी?”

“थांबा!” योरिंडे ओरडली. “खोली मी बघत होते. गेंटच्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय मला.”

वानेसने हातातला काटा खाली ठेवला. गोडेलेने डोळे पुसले, मग तिला रागही आला. “अगं, मग सांगायचं नाही? आम्ही काय नाही म्हटलं असतं?”

“तसं नाही, आई. पण मी गेल्यावर तुम्ही दोघं जेवताना बोलणार काय? दोघंही माझ्याशीच बोलता.”

योरिंडेने आपली ताटली उचलली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

“बोल की काहीतरी,” गोडेले म्हणाली.

वानेसने घसा खाकरला. “तुझ्या वर्गात यंदा मुलं किती?”

“एकवीस.”

“नावं काय त्यांची?”

गोडेलेने त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग खुर्ची जवळ ओढून तिने पहिल्या बाकापासून एकेकाचं नाव आणि गंमत सांगायला सुरुवात केली. चौथ्या बाकापाशी येईपर्यंत शिंपले गार झाले. तो म्हणाला, “थांब, हा मार्टेन कुठला? दात पडलेला की रडका?”