अंगणातला तलाव

गावाचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा आपल्याच अंगणात मांडावा, असं मी ठरवलं. बायकोला विचारायचं तेवढं राहून गेलं.

कोणती जमीन धानाची, कोणती चराईची, जंगल कुठवर राखायचं, हे गावाने मिळून ठरवायचं होतं. मी सातवीत शाळा सोडलेला, चारचौघांत तोंड उघडलं की कान लाल होणारा. तरी गावाने मलाच समितीचा सचिव केलं. (नाही म्हणायलाही मी लाजलो.) दोन सभा फुकट गेल्या. पहिलीला नऊ माणसं आली, दुसरीला सहा आणि एक बकरी. ग्रामसेवक म्हणाले, "लोकेश, या खेपेला साठ माणसं भरली नाहीत, तर ऑफिसातलाच नकाशा कायम होईल." त्या नकाशात आमचा तलाव पडीक जमीन म्हणून दाखवला होता. आणि त्याच तलावावर बारा ढिवर घरं मासे धरून जगतात.

बोलावून माणसं येत नाहीत, पण दुसऱ्याच्या अंगणात काय चाललंय ते बघायला येतात, एवढं मला कळलं होतं. म्हणून तिसऱ्या सभेच्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या, लुंगीवरच, जमिनीवर नकाशा मांडायला बसलो. हळदीचं धान, राखेचा रस्ता, वाळत घातलेल्या मोहफुलांचं जंगल. तलावाला निळं काही मिळेना. घरात बाजेवर एक निळी साडी घडी करून ठेवलेली दिसली. अंथरली.

आणि लोक खरंच जमले!

"माहं वावर एवढंसंच काऊन?" म्हणत बुधूभाऊंनी हळद पुढे सरकवली.

"भाऊ, तुमी त माह्या वावरात घुसून राह्यले!" कुंताबाईने ती मागे ढकलली.

मी खुश. तेवढ्यात दीपिका, माझी बायको, न्हाऊन बाहेर आली.

"माही लगनाची साडी!"

सावली गावाला तिच्या भावाचं लग्न होतं आणि एकची बस गाठायची होती. तिने साडीचं टोक धरून ओढलं, तशी ढिवरांची धुरपताबाई तलावाच्या मधोमध बसली.

"तलाव हालवाचा नाई, पोरी. आमचं पोट हाये त्याच्यावर."

"मावशी, तलाव तिकडं हाये. हे माही साडी होय!"

"साहेब नकाशा उतरवून घेईन, तवा तलाव नाई दिसला त?"

"मंग मी भावाच्या लगनात का हे राख नेसून जाऊ?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. "बोल ना रे, सचिवा!" धुरपताबाई म्हणाली. मी वर आकाशाकडे पाहिलं. (निळं होतं, पण अंथरता येण्यासारखं नव्हतं.)

बुधूभाऊ मात्र माझ्या कमरेकडे पाहत होते. "लुंगी निळीच हाये ना?"

ठराव एकमताने झाला. मी घरात शिरून दाराच्या फटीतून लुंगी बाहेर दिली. दीपिकाने साडी झटकून नेसली, बॅग उचलली आणि पाय आपटत बसकडे गेली. मग मी पँट शोधू लागलो. माझ्या दोन्ही पँटी तिने लग्नासाठी त्याच बॅगेत भरल्या होत्या.

तेवढ्यात ग्रामसेवक आले, आणि मी खिडकीआडून सभा ऐकली. काय सभा झाली! चराईची वाट ठरली, जंगलाची हद्द ठरली, धुरपताबाईने लुंगीचे चारही काठ ताणून तलाव पक्का करून घेतला. शेवटी ग्रामसेवकांनी डोकी मोजली.

"एकोणसाठ. एक कमी."

सगळे एकमेकांची डोकी पुन्हा मोजू लागले.

"लोकेश हाये ना घरात!" बुधूभाऊ म्हणाले.

"घरातला चालत नाही. सभेत बसलेला पाहिजे."

"निंग रे बाहीर!" धुरपताबाई ओरडली. "बारा घरचा तलाव चालला!"

खुंटीवर दीपिकाची जुनी हिरवी साडी होती. कमरेला गुंडाळली, उरलेली तोंड लपवायला डोक्यावरून घेतली आणि शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसलो. सगळ्या गावाने ओठ दाबून धरले.

ग्रामसेवकांनी पुन्हा मोजलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "साठ. कोरम पूर्ण. पुरुष एकोणतीस, स्त्रिया एकतीस."

दुरुस्ती सांगायला मी हात वर केला.

"बोला बाई," ते कौतुकाने म्हणाले, "लाजू नका."

मी पदर आणखी पुढे ओढला.