स्पीकरचे पाय

खेडकरजी कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी टाचेने दोनदा फरशी ठोकतात, कान देऊन ऐकतात, "पोकळ आहे" म्हणतात आणि मगच सोफ्यावर बसतात. नवीन माणसाला वाटतं, हे घर विकत घ्यायला आले.

मदन महल वस्तीतल्या एका इमारतीत आम्ही एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला हा एकटा जीव. लग्न केलं नाही, पण दोन मोठे स्पीकर घेतले. तेव्हापासून त्यांचं एकच दुखणं: स्पीकरची थरथर फरशीत उतरते आणि तबला गढूळ होतो. "आवाज कानात गेला पाहिजे, भाऊ. फरशीत त्याचं काय काम?" हे वाक्य आमच्या घरी इतक्यांदा झालंय की आता माझी बायको दार उघडतानाच ते म्हणते.

स्पीकरखाली आधी अर्धे कापलेले टेनिस बॉल आले, मग स्वतःच्या हवाई चपलांचे तुकडे. त्या आठवड्यात ते दूध आणायलाही बूट घालून जात होते. परीक्षा ठरलेली. पाण्याने काठोकाठ भरलेला पेला शेजारी ठेवायचा आणि तबला लावायचा. पाणी हललं की नापास.

शेवटी खास स्पीकरचे रबरी पाय मागवायचे ठरले. ते वजन बघून निवडावे लागतात. कडक निघाले तर दबत नाहीत, मऊ निघाले तर बसकण मारतात. म्हणून आम्ही दोघांनी एक स्पीकर उचलून किराणा दुकानातल्या धान्याच्या काट्यावर नेला. दुकानदाराने विचारलं, "अंकलजी, इसमें क्या भरा है?"

"अभी तो कुछ नहीं," खेडकरजी म्हणाले. "शाम को भरते हैं."

पाय आले. स्पीकर गादीवर उलटे निजवले, मी धरले, त्यांनी श्वास रोखून एकेक पाय पिळून बसवला. तबला लावला. पाणी ढिम्म. खेडकरजींनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या शकूकाकू कठडा धरत वर आल्या. त्याही एकट्याच, आणि आता ऐकू अजिबात येत नाही. गाणं जोरात चालू होतं. स्पीकरसमोर उभ्या राहून त्यांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना? चार दिवस झाले, गाणं काहून बंद आहे?"

खेडकरजींनी स्पीकरकडे बोट दाखवलं. काकूंनी त्यावर तळवा ठेवला.

"अच्छा. मग खाली काहून येऊन नाही राहिलं? माझा पलंग भिंतीला लागून आहे. रोज सहा वाजता पाठ टेकून बसत होती मी. तेवढंच समजत होतं."

त्या गेल्यावर खेडकरजींनी गाणं बंद केलं. मग म्हणाले, "भाऊ, जरा गादी आणता?"

आम्ही आठही पाय काढले.

दुसऱ्या दिवशी सहाला मला वर तबला लावायला सांगून ते खाली गेले. मीही मागोमाग उतरलो. दोघं पलंगावर भिंतीला पाठ टेकून बसले होते. खेडकरजींनी हातानेच खूण केली, उजवा थोडा मागे. मी वर जाऊन उजवा स्पीकर दोन बोटं भिंतीकडे सरकवला आणि परत आलो. शकूकाकू मांडीवर त्रिताल धरून राहिल्या होत्या. आणि इतक्या वर्षांत ज्यांना मी कोणासोबत बसून गाणं ऐकताना पाहिलं नव्हतं, ते खेडकरजी डोळे मिटून त्यांच्या समेवर मान हलवत होते.