पाचव्या खंडाची समाप्ती

सावित्रीबाईंनी त्या पुस्तकाला हळद-कुंकू लावले, तेव्हाच रविताने त्यांना अडवायला हवे होते. पण तिच्या हातात चहाची गाळणी होती. ती ठेवून ओसरीत येईपर्यंत पुस्तक पाटावर बसले होते, त्याच्याखाली लाल कापड अंथरले गेले होते आणि समोर निरांजनाची ज्योत स्थिर झाली होती. पेटलेली ज्योत विझवून ‘आई, ही गोष्टीची कादंबरी आहे’ असे सांगणे नव्या सुनेला जमले नाही. ते तिला पुढेही कधी जमले नाही.

कादंबरी म्हणजे ‘नीलशृंगाची गाथा’. कुठल्याशा थंड देशातल्या एका लेखकाने रचलेले, समुद्राखाली बुडालेले राज्य. त्यात एक आंधळा नावाडी ओरेन, दोन जीवांची राणी आल्मा, एक राजनिष्ठ घोडा आणि तीन पंखांचा एक पक्षी. हिंदीत आलेले तिचे चारही जाडजूड खंड रविताने लग्नात साड्यांच्या घडीखाली लपवून सासरी आणले होते. काही मुली माहेरची माती आणतात, तिने ते बुडालेले राज्य आणले होते.

धान घरात येऊन पडले की दवनीवाडा गावातल्या दुपारी मोकळ्या होत, आणि दरवर्षी सावित्रीबाई पोथी लावत. यंदा त्यांना अक्षरेच दिसेनात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. धुक्यात शिरलेली गुरे जशी आधी पुसट होतात आणि मग नुसत्या घंटांपुरती उरतात, तशी पोथीची पाने त्यांच्यापासून दूर गेली होती. अशाच एका रिकाम्या दुपारी त्यांनी सुनेला हटकले.

“मनातल्या मनात काऊन हासून राहिली वो? मोठ्यानं वाच. मले बी हासू दे.”

रविता वाचू लागली. हिंदीत वाचायचे आणि मराठीत सांगायचे. दुसऱ्या दिवशी शेजारची शामकला आली, तिसऱ्या दिवशी बैलबाजारात आयुष्य घालवलेला बकाराम. श्रोते आले म्हणून पाट आला, पाट आला म्हणून निरांजन, निरांजन आले म्हणून गूळ-शेंगदाण्यांचा प्रसाद. आठवड्याभरात ऐकणाऱ्यांच्या घरी कांदा बंद झाला. पुस्तकाच्या समोर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता येणार नाही, असे सावित्रीबाईंनी बजावले, तेव्हा बकारामने पुडी मुकाट्याने पागोट्यात खोचली. पोथी म्हटली की तिचे नियम आलेच.

आणि अर्थ सांगणेही आले. अध्याय झाला की प्रत्येकाने आपल्याला उमगलेला अर्थ सांगायचा, ही तिथली रीत. त्यामुळे पहिल्या खंडातली भविष्यवाणी रविताने वाचली, तेव्हा ओसरी एकदम सावरून बसली. ‘जो दुसऱ्याची भूक वाहून आणील, त्याच्यासाठी बुडालेले दार उघडेल.’ या एका ओळीवरून मोबाइलवरच्या वाचकांच्या एका मंडळात देशोदेशीची माणसे कित्येक वर्षे भांडत होती. रविताही तिथे रात्रंदिवस पुरावे मांडत असे.

“घोडा,” बकाराम म्हणाला. “सोताचा चारा टाकून राजाले पाठीवर कोन नेते? मंग?”

“घोड्याले कायची भविष्यवाणी गा?” शामकला उसळली. “दुसऱ्याची भूक कोन वायते, हे दोन जीवांच्या बाईले इचार. रानीच हाय ते.”

“नावाडी,” सावित्रीबाईंनी निकाल दिला. “जो तो आपल्या पोटासाठी पार जाते. नेते कोन? तो बिचारा. त्याले तं दिसत बी नाई.”

अंगणात दोर वळत बसलेले शिवलाल, म्हणजे रविताचे सासरे, या भानगडीत आपल्याला काडीचा रस नाही असे रोज जाहीर करत. त्यांनी दोराला पीळ दिला आणि मान न वळवता विचारले, “पन त्या पाखराले तिसरा पंख कायले देल्ला, हे कोनी सांगन का?”

चौथा खंड असा संपतो की ओरेन आपली नाव ऐन समुद्रात आणून उभी करतो, खाली पाण्यात ते दार आहे, आणि पुढे कोरे पान. ते पान आले त्याच दिवशी रविताचा नवरा उमेंद्र गोंदियाहून परतला. डोळ्यांच्या शिबिरात आईचे नाव लागले होते. सोमवारी शस्त्रक्रिया होती.

“सोमवारी नाई जमत,” सावित्रीबाई शांतपणे म्हणाल्या. “पोथी अर्धी टाकून गाव सोडता येते का? समाप्ती झाली पायजे. नारळ फुटला पायजे.”

“आई, पाचवा खंड निघालाच नाही अजून,” रविता म्हणाली.

“काऊन?”

“लेखक लिहून राहिला.”

“कवापासून?”

“मी कॉलेजात होती तेव्हापासून.”

“बापा! एवढ्यात तं पोरगं शाळेत जाते. लाव त्याले फोन. म्हन, दवनीवाड्याचे मानसं बसून हायत.”

“आई, मस्करी नको करू,” उमेंद्रचा आवाज चढला. “डॉक्टर म्हने, मोतीबिंदू जास्त पिकून राहिला. अजून थांबलं तं दिसन का नाई, सांगता येत नाई म्हने.”

“अर्धं काम टाकू नये, हे तूच म्हनतं ना? मंग मीही तेच म्हनून राहिली.” एवढे बोलून त्यांनी प्रसादाचा वाटा मोजायला घेतला.

उमेंद्रने गोंदियातली पुस्तकांची दुकाने पालथी घातली. बकारामने सुचवले की लेखकाला थोडा तांदूळ पाठवून पाहावा. शामकलेने लेखकाची बायको माहेरी गेली असेल, असा अंदाज बांधला. रविताने आपल्या मंडळात विचारले, तर तिथे लोक नव्या उत्साहाने तिसऱ्या पंखावर भांडू लागले. सोमवार जवळ येत होता.

एका सकाळी सावित्रीबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. खडा त्या डोळ्यांनी शोधत नव्हत्या. बोटांनी ओळखत होत्या, आणि हाती आलेला खडा बाजूला टाकताना पुष्कळदा त्याच्यासोबत दोन दाणे टाकत होत्या. शिवलालने रविताला अंगणाच्या टोकाला बोलावले.

“पोथी-बिथी काही नाई वो बाई. भेव लागते तिले. तिच्या मावशीचा डोळा कापला होता, जुन्या काळी. मावशी पट्टी बांधून गेली, ते पट्टी सोडली तरी अंधारातच राहिली. हे लहान होती, मावशीचा हात धरून फिरे.” त्यांनी हातातल्या दोराला पीळ दिला. “मी सांगतलं म्हनून सांगू नको.”

रविताला तेव्हा सगळे लख्ख दिसले. जे पुस्तक संपत नाही ते सासूबाईंच्या फार सोयीचे होते. आज समाप्ती झाली, तर उद्या त्या पक्ष्याचा पंख काढतील, परवा घोड्याचा नाल. उत्तर दिल्याने हा प्रश्न सुटणार नव्हता. भीतीपेक्षा मोठी उत्कंठा कुठून तरी आणावी लागणार होती.

ती बराच वेळ पुस्तकाजवळ बसून राहिली. इतकी वर्षे तिने या कथेवर तर्क केले होते, पण शेवट करण्याचा विचार तिच्या मनाला कधी शिवला नव्हता. आपण पूजतो त्या मूर्तीचे डोळे आपणच कोरायचे, असे काहीतरी ते होते. मंडळातल्यांना कळले असते तर त्यांनी तिला कायमचे बाहेर काढले असते. मग तिने चौथाच खंड पुन्हा लाल कापडात बांधला.

शनिवारी दुपारी तिने ओसरीत सांगितले, “पाचवा खंड आला.”

उमेंद्रने तोंड उघडले. शिवलालने त्याच्या पायावर दोराचे भेंडोळे टाकले, आणि त्याने तोंड मिटले.

रविता वाचू लागली. ओरेनने नाव सोडली आणि पाण्यात उडी घेतली. खाली खोल जाताना त्याला पहिल्यांदाच सगळ्यांच्या बरोबरीचे वाटले, कारण तिथे डोळसांनाही दिसत नव्हते. शेवाळात चाचपडणारा त्याचा हात एका थंड कडीवर पडला. कडी हलली. आतून कोणीतरी ती धरली होती.

रविताने पुस्तक मिटले.

“मंग?” सावित्रीबाई पाटापर्यंत सरकल्या होत्या. “कोन होता आतमधी?”

“पुढचं गोंदियाला. या खंडाचा नियमच तसा आहे, आई. निम्मा घरी, निम्मा दवाखान्यात.”

“असा कोनता नियम?”

“पोथीचा,” शिवलाल अंगणातून म्हणाले. “मोडशील?”

सावित्रीबाईंच्या चेहऱ्यावर दोन इच्छा भांडत होत्या. शेवटी त्या पुटपुटल्या, “कडी धरून किती वेळ राहीन तो पान्यात? मरन ना बिचारा. उमेंद्र, गाडी सांग.”

आपली युक्ती साधली असे रविताला सोमवारच्या सकाळपर्यंत वाटत राहिले. सकाळी दारात जीप लागली, तेव्हा तिच्यात बकाराम आधीच बसला होता. शामकलेने डबा आणला होता.

“तुम्ही कुठं?” उमेंद्रने विचारले.

“पोथी जाते तं आमी काय गुन्हा केला?” बकाराम म्हणाला. “तो घोडा वरत किनाऱ्यावर एकटा हाय.”

शिवलाल कोणाकडे न पाहता पुढच्या सीटवर चढले. मागे निरांजनही निघाले. ते विझू नये म्हणून शामकलेने तिरोड्याच्या लग्नातून आणलेल्या स्टीलच्या डब्यात धरले होते.

शस्त्रक्रियेला जाताना सावित्रीबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. त्या हाताला लहान मुलीची पकड होती. “मी येईपर्यंत वाचू नको,” एवढेच त्या म्हणाल्या.

पट्टी बांधून त्या बाहेर आल्या, आणि वॉर्डात वाचन सुरू झाले. शेजारच्या खाटेवरची सालेकश्याची म्हातारी आधी कूस वळवून झोपली होती. तिने मागच्या गोष्टीचा सारांश मागितला. पलीकडची रडायची थांबली. संध्याकाळपर्यंत डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या एकूण एक बाया त्या बुडालेल्या राज्याची प्रजा झाल्या, आणि प्रत्येकीला भविष्यवाणीचा निराळा अर्थ उमगला. रविता घशाला कोरड पडेपर्यंत रचत गेली. बकारामसाठी तिने घोड्याला पोहायला लावले. शामकलेसाठी आल्माला कळा सुरू केल्या. शिवलालसाठी तिसऱ्या पंखाची गोष्ट सांगितली, की पक्षी तो पिलाला पांघरायला ठेवतो. शिवलालने खिडकीकडे तोंड करून नाक शिंकरले.

“बस करो अम्मा लोग, सोना है,” नर्सबाई दटावायला आल्या आणि दाराशीच थांबल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “मगर दरवाज़े के अंदर है कौन? मुझे तो लगता है उसकी माँ है।”

“पट्टी सुटन तवा वाचू पुढचं,” सावित्रीबाई ठामपणे म्हणाल्या. आता घाई त्यांना होती.

सकाळी डॉक्टर आले. सावित्रीबाईंची खाट पहिली होती. सगळा वॉर्ड कान देऊन बसला होता, म्हणून रविताला वाचत राहणे भाग होते. पण ऐन दारापाशी येऊन तिची वाचा खुंटली. दार उघडायचे तर भूक कोणाची, हे ठरवायला हवे होते. तिला काहीच सुचेना. मांडीवर पुस्तक नुसते उघडे होते आणि तिचे डोळे सासूबाईंच्या कपाळाभोवती सुटत जाणाऱ्या कापडावर खिळले होते.

“धीरे से खोलो, अम्मा,” डॉक्टर म्हणाले.

पापणी थरथरली. मिटली. पुन्हा उघडली. सावित्रीबाईंनी आधी खिडकीतला उजेड पाहिला, मग दोर नसल्यामुळे हातांचे काय करावे हे न कळून उभे असलेले शिवलाल पाहिले. मग त्यांनी रविताला पाहिले, निवांत, नव्याने आणलेल्या नवरीला पाहावे तसे. आणि शेवटी त्यांची नजर खाली उतरली, मांडीवरच्या पुस्तकावर. तिथे चौथ्या खंडाचे शेवटचे पान होते, कोरे आणि पांढरेशुभ्र.

रविताला वाटले, आपण आता त्या समुद्राच्या तळाशी जाऊ.

शेजारच्या खाटेवरून सालेकश्याची म्हातारी ओरडली, “थांबली काऊन वो? उघडलं का नाई दार?”

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. सावित्रीबाई थोड्या वाकल्या, सुनेच्या कानाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, “पान तरी पलटव माय. आता बाकीच्यांच्या बी पट्ट्या सुटून राहिल्या.”