साळिंदराचं बीळ आणि घुबडाची रीत

एका जंगलात, मुलांनो, एक घुबडशास्त्री राहायचे. जंगल होतं की नुसती राई, हे मला आता नीट आठवत नाही. वडाची ढोली मात्र नक्की होती.

ती सिंहमहाराजांनी दिलेली. त्याबदल्यात शास्त्रींचं काम एकच. कोणी काही करायला घेतलं, की ते कधीतरी संपेल की चालूच राहील, हे आधी सांगायचं. संपणाऱ्या कामालाच परवानगी मिळे. एक जरी उत्तर चुकलं, तरी ढोली खाली करायची.

ढोलीत पिल्लं होती. म्हणून शास्त्री फार जपून बोलायचे. कोणी शंका घेऊ नये, म्हणून आपली उत्तर काढायची रीत त्यांनी खडकावर कोरून ठेवली होती.

सुगरणीचं घरटं? संपेल. स्वतःच्या शेपटीमागे धावणारा कोल्हा? संपणार नाही. सगळं बरोबर निघायचं.

मग साळिंदर आला. त्याला बीळ खणायचं होतं. शास्त्रींनी विचारलं, कसं खणणार?

"तुमची रीत मी पाठ केलीय, शास्त्रीबुवा. आधी तीच माझ्या बिळाला लावून बघणार. 'संपेल' आलं, तर खणतच राहणार. 'संपणार नाही' आलं, की पंजे झटकून मोकळा."

"हा काय चावटपणा?"

"माझी कामाची पद्धत आहे. बोला, संपेल का?"

शास्त्रींनी दोन्ही उत्तरं घोळवून पाहिली. जे म्हणावं ते खोटं ठरत होतं. नवी रीत कोरावी, तर हा तीही पाठ करणार. त्यांनी पिल्लांकडे पाहिलं. आपलंच कुठे चुकत असेल, म्हणून पुन्हा विचार केला. मग दरबारात जाऊन म्हणाले, "महाराज, हे मला सांगता येत नाही. कोणालाच येणार नाही."

पहिलं वाक्य खपलं असतं. दुसरं सगळ्या दरबाराला झोंबलं. शास्त्री पिल्लांना घेऊन खडकाच्या फटीत राहायला गेले. ढोली पोपटाला मिळाली.

पोपटाने साळिंदराकडे पाहिलंसुद्धा नाही. "संपेल," तो म्हणाला.

"कधी?"

"ते माझ्याकडे येत नाही."

त्याला खोटं पाडायला साळिंदर ईर्ष्येने खणू लागला. रोज दरबारात येऊन सांगायचा, बघा, संपलं नाही. महाराज शांतपणे म्हणायचे, "अजून संपलं नाही, एवढंच ना?"

तात्पर्य: मुलांनो, उत्तर नाही हे सिद्ध करणाऱ्याला फट मिळते. म्हणून उत्तर असं द्यावं, की ते चुकलं हे कळायला सगळा काळ अपुरा पडावा. पुष्कळ वर्षांनी मी मुद्दाम तिथे जाऊन खात्री करून आलो. ती राईच होती. साळिंदर अजून खणतोय, आणि पोपटाचं उत्तर अजून चुकलेलं नाही.