रविवारचं रिव्हॉल्व्हर

बर्ल केसिंजरच्या दुकानात त्या दिवशी शेगडीजवळच्या बाकावर दोन म्हातारे बसले होते की तीन, हे मला आता छातीठोकपणे सांगता येणार नाही. मी दोन धरून चालतो. पण फजितीचे प्रेक्षक आठवणीत दरवर्षी वाढतात असा माझा अनुभव आहे, आणि गेल्या हिवाळ्यापासून मला त्या बाकावर अधूनमधून चौथा माणूसही दिसू लागला आहे. (हा चौथा बहुधा मेथडिस्ट चर्चचा पाद्री आहे. त्याचं तिथे काहीही काम नव्हतं.) तेव्हा माणसांच्या संख्येबद्दल वाचकांनी माझ्यावर विसंबू नये. बाकीचं मात्र असंच घडलं. बहुतेक.

निर्णय तसा छोटा होता. रविवारी दुपारी बायकोबरोबर घराबाहेर पडायचं, एवढाच.

माझी बायको विल्डा नऊ वर्षांची असल्यापासून नेम धरते. ती आणि तिचा थोरला भाऊ होबार्ट दर रविवारी जेवणं उरकली की चुनखडीच्या जुन्या खाणीमागे जो आमच्या गावचा नेमबाजी क्लब आहे तिथे जात. तीस वर्षं हा क्रम चुकला नव्हता. मी घरी पुस्तक वाचत बसे. मी इथल्या कॉलेजात एकतीस वर्षं लॅटिन शिकवलं. वेस्ट व्हर्जिनियाच्या या डोंगरात हरणांच्या शिकारीसाठी शाळांना आठवडाभर सुट्टी असते, आणि एवढ्या काळात मी एकदाही बंदुकीला हात लावला नव्हता. लोक मला त्याबद्दल बोलत नसत. पोहता न येणाऱ्या माणसाकडे पाहावं तसे सहानुभूतीनं पाहत. मला ही व्यवस्था मानवत होती. पाच वाजता विल्डा घरी येई, तिच्या कोटाला दारूचा (बंदुकीच्या) वास असे आणि खिशात होबार्टनं पेट्रोल पंपावर घेतलेला एक पेपरोनी रोल, म्हणजे मसालेदार मांसाच्या चकत्या भरलेला पाव, असे. तो माझा.

त्या वर्षी मार्चमध्ये होबार्ट लाकडं फोडताना खाली बसला आणि परत उठला नाही.

विल्डा फार रडली नाही. ती रविवारी जेवणाची भांडी विसळायची, बाहेरचे बूट घालायची आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसायची. दोनच्या सुमाराला ती बूट काढायची. बस, इतकंच. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत दर रविवारी मी ते बूट चढताना आणि उतरताना पाहिले. क्लबातल्या दुसऱ्या कुणाबरोबर जा की, असं मी एकदा सुचवून पाहिलं. ती म्हणाली, ते सगळे फार बोलतात. माझ्या हिशेबानं होबार्ट त्या तीस वर्षांत तिथे एकूण चाळीस शब्द बोलला असेल.

मला कमी बोलणं जमणार नव्हतं (वाचकांच्या ते ध्यानात आलंच असेल). पण शेजारी उभं राहणं जमलं असतं. आता तिच्याकडे स्वतःची चार रिव्हॉल्व्हरं होती. मागितलं असतं तर एक तिनं मला वापरायला दिलंही असतं. पण मग तिनं मला सांभाळायला नेल्यासारखं झालं असतं. होबार्ट यायचा तसं मला यायचं होतं, स्वतःचं हत्यार स्वतःच्या पेटीत घेऊन. म्हणजे ते विकत घेणं आलं. मी पेन्शनवाला, म्हणजे ते जुनं, वापरलेलं आणि स्वस्त असणं आलं. आणि या विषयातली गावातली सर्वात जाणकार व्यक्ती माझ्याच घरात राहत होती आणि नेमकं तिलाच विचारायचं नव्हतं.

अशा वेळी माझ्यासारखा माणूस ग्रंथालयात जातो. तीन आठवड्यांत मी रिव्हॉल्व्हरवरची पाच पुस्तकं वाचली आणि जुनं रिव्हॉल्व्हर पारखण्याच्या सात कसोट्या सात कार्डांवर उतरवून काढल्या. त्या काळात देशभरचे पोलीस जुनी रिव्हॉल्व्हरं टाकून नवी पिस्तुलं घेत होते, त्यामुळे वीस-वीस वर्षं कुणा ना कुणा हवालदाराच्या कमरेला लटकलेली चांगली रिव्हॉल्व्हरं दुकानांत पडून होती. कातड्याला घासून त्यांचा रंग उडालेला, पण गोळ्या फारशा झाडलेल्या नाहीत. बाहेरून झिजलेली, आतून जवळजवळ न वापरलेली. वाचताना मला निवृत्त प्राध्यापकांची आठवण झाली आणि त्या वस्तूबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

एका सोमवारी सकाळी मी बर्लच्या दुकानात गेलो. बर्ल हा विल्डाच्या शाळेतला. मी काय हवं ते सांगितल्यावर त्यानं काचेखालून तीन रिव्हॉल्व्हरं काढून हिरव्या कापडावर मांडली. मी खिशातून कार्डं काढली. बाकावरचे दोघे (दोघेच) बोलायचे थांबले.

मी पहिल्या कार्डापासून सुरुवात केली. गोळ्या भरायचं चक्र बाहेर काढून सगळी घरं रिकामी असल्याची खात्री केली. अंगठ्याचं नख नळीच्या मागच्या टोकाशी धरून, त्यावरून परतणाऱ्या उजेडात नळी आतून पाहिली. गंज नव्हता. घोडा मागे ओढून चक्र डगमगतं का ते पाहिलं. डगमगत नव्हतं. बर्लच्या चेहऱ्यावर आदरासारखं काहीतरी दिसू लागलं. बाकावरचा एक जण म्हणाला, "प्रोफेसर शिकून आलेत." एकतीस वर्षं शिकवून मला हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं. त्या भरात मी सातवं कार्ड खाली ठेवलं आणि टीव्हीवरचे सगळे डिटेक्टिव्ह करतात तसा मनगटाला एक झटका देऊन एका हातानं ते चक्र खाड्‌कन बंद केलं.

 बाकावरच्या एकानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

बर्लनं माझ्या हातातून रिव्हॉल्व्हर अलगद काढून घेतलं, दुखऱ्या पाखराला घ्यावं तसं. "प्रोफेसर," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या लायब्ररीत एखाद्यानं जुनं पुस्तक उघडून पार मागं दुमडलं आणि त्याचा कणा कडाडला, तर तुम्हाला काय वाटेल?"

मला काय वाटेल ते मला नेमकं ठाऊक होतं. ज्या दांडीवर चक्र बाहेर येतं ती दांडी अशा झटक्यानं वाकते, असं बर्लनं समजावून सांगितलं. (पाचही पुस्तकांत हे नव्हतं. मी नंतर पाहिलं. होतं. तिसऱ्या पुस्तकात, तिरक्या अक्षरांत.) एका झटक्यानं काही होत नाही, असंही तो म्हणाला आणि दुसरं रिव्हॉल्व्हर पुढे सरकवू लागला. पण मी ज्याचा कणा मोडला ते टाकून दुसरं घेणं मला शक्य नव्हतं. मी तेच घेतलं, आणि बर्ल किंमत कमी करत असतानाही ती कमी करू दिली नाही. पहिल्या खरेदीत गिऱ्हाईक उलट्या दिशेनं घासाघीस करतंय हे त्या बाकानं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं.

मग सरकारी फॉर्म आला. तुम्हाला कधी मनानं अक्षम ठरवण्यात आलं आहे का, या प्रश्नावर माझं पेन थांबलं. ठरवण्यात आलं नव्हतं, पण ते केवळ कुणी तपासलं नाही म्हणून असेल, असं माझ्या मनात आलं.

"कॉलेजवाले सगळे तिथेच अडतात," बर्ल म्हणाला. "'नाही' लिहा."

तेव्हाच्या कायद्यानं पाच दिवस थांबावं लागे. सरकारनं माझ्याबद्दल पाच दिवस विचार केला, मीही केला. सरकारचा निकाल माझ्यापेक्षा अनुकूल लागला.

शनिवारी दुपारी मी पेटी स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली. विल्डा बीन्स निवडत होती. तिनं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि हात पुसून खाली बसली.

"इतिहास विभागाशी तुझं भांडण अजून चालू आहे का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, तसं काही नाही. मी एक भाषण तयार केलेलं होतं, साहचर्याबद्दल, त्यात दोन लॅटिन वचनंही होती. त्यातलं काहीच आठवेना. "उद्या मी येईन म्हणत होतो तुझ्याबरोबर," मी म्हणालो. "म्हणजे तुझी हरकत नसली तर. मी फार बोलणार नाही."

 तिनं रिव्हॉल्व्हर उचललं, दोन्ही हातांनी चक्र उघडलं, दोन्ही हातांनी मिटलं, कानाशी धरून सावकाश फिरवलं. तिचे हात हे सगळं करत असताना डोळे खिडकीबाहेर होते. मला वाटलं, आता ती रडेल किंवा मला मिठी मारेल. मी दोन्हींची तयारी ठेवली.

"हे घासतंय," ती म्हणाली. "दांडी वाकलीय. कुणी गळ्यात मारलं हे तुझ्या?"

मी बर्लचं नाव घेतलं. खरं कारण सांगायला तोंड उघडलं तोवर तिनं कोट चढवला होता. रस्ताभर ती बर्लबद्दल, बर्लच्या बापाबद्दल आणि सातवीत बर्लनं तिची उत्तरं उतरवल्याबद्दल बोलत होती. सहा महिन्यांत ती इतकं बोलली नव्हती. मला मध्ये तोडवेना. (हे मी शौर्य म्हणून सांगतो. भीतीही होती.)

दुकानात शिरून तिनं पेटी काचेवर ठेवली. "बर्ल, वाकलेल्या दांडीचं रिव्हॉल्व्हर माझ्या नवऱ्याला विकताना लाज नाही वाटली? माणसाला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून तू त्याला लुबाडलंस?"

बर्लनं छताकडे पाहिलं. बाकावरचे शेगडीकडे पाहू लागले. त्या दुकानात एक रीत आहे हे मला त्या क्षणी कळलं. नवऱ्यानं दुकानात केलेला गाढवपणा त्याच्या बायकोला सांगायचा नाही. बर्ल स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या गिऱ्हाइकांसमोर, चोर ठरायला तयार होता.

"मी केलं ते," मी म्हणालो.

"काय केलंस?"

मी मनगटानं करून दाखवलं.

विल्डा माझ्या मनगटाकडे पाहत राहिली. "एका हातानं?"

"हो."

"सिनेमातल्यासारखं?"

"टीव्हीवर," मी म्हणालो. नेमकेपणा माझ्या अंगात मुरलेला आहे.

तिच्या तोंडून आधी एक बारीक आवाज आला. मग ती बाकावर बसली, कारण उभं राहणं तिला जमेना, आणि हसत राहिली. डोळे पुसायची, माझ्याकडे पाहायची आणि पुन्हा सुरू. शेजारच्या म्हाताऱ्यानं तिला आपला रुमाल दिला. मध्येच ती म्हणाली, "होबार्ट असता ना, तर—" आणि पुढचं वाक्य हसण्यात गेलं की रडण्यात, ते मला कळलं नाही, पण मार्चनंतर त्याचं नाव तिच्या तोंडी पहिल्यांदा आलं होतं. बर्लनं रिव्हॉल्व्हर मागे नेऊन कातडी हातोडीनं चार ठोके घातले आणि दांडी सरळ केली. माफी कुणीच कुणाची मागितली नाही.

रविवारी भांडी विसळून तिनं बूट घातले. मीही घातले.

मैदानावर ती माझ्या शेजारच्या रांगेत उभी राहिली. मी आवाजाला दचकतो हे तिला माहीत होतं. म्हणाली, "तू चाप ओढशील तेव्हाच मीही ओढते. म्हणजे आपला आवाज कुठला ते तुला कळणारच नाही." ती युक्ती लागू पडली. आम्ही अठरा वेळा एकदम बार काढले. मग ती पुढे जाऊन माझा निशाणाचा कागद घेऊन आली.

"सात," ती म्हणाली. "पहिल्या दिवसाला वाईट नाही."

त्या सात भोकांनी मला खुळं केलं. मी तो कागद चौकटीत बसवून अभ्यासिकेत माझ्या डॉक्टरेटशेजारी लावला आणि त्यानंतर एकही रविवार चुकवला नाही. पेपरोनी रोल आता आम्ही गाडीतच खातो.

नऊ वर्षांनी अभ्यासिकेला रंग द्यायचा होता म्हणून ती चौकट भिंतीवरून उतरवली. उजेडात भिंगाखाली पाहताना मला एक शंका आली, आणि शंका आली की मला झोप लागत नाही. मी त्या पहिल्या दिवशी बर्लकडच्या सर्वात स्वस्त, गोल टोकाच्या गोळ्या वापरल्या होत्या, अजूनही त्याच वापरतो. विल्डा नेहमी सपाट डोक्याच्या वापरते. एका शुक्रवारी मी एकटाच क्लबात गेलो. नेम चुकायला नको म्हणून दोन पावलांवर कागद लावून माझ्या पाच गोळ्या झाडल्या, मग तिच्या डब्यातल्या पाच. माझ्या गोळ्यांनी कागद फाटून भोकांच्या कडांना चिंध्या लोंबत होत्या. तिच्या गोळ्यांनी फाईलसाठी कागदाला पंचनं पाडतात तशी गोल, स्वच्छ भोकं पडली. अभ्यासिकेतल्या कागदावरची सातही भोकं गोल आणि स्वच्छ आहेत.