विहीणबाईंचं प्रवाळ

"उजेडाचं? मला सांगता?" असं बत्तीमास्तर विहीणबाईंना म्हणाले आणि तिथेच सगळं बिनसलं.

विहीणबाई गच्चीवर मोठाल्या टबांत खारं पाणी भरून त्यात प्रवाळ वाढवत. आता गच्चीची दुरुस्ती निघाली, म्हणून त्यातलं सगळ्यात लाडकं प्रवाळ त्या एका संध्याकाळी डब्यात घालून मुलाच्या सासरी घेऊन आल्या. जावयानं हौसेनं दिलेला खाऱ्या पाण्याचा फिशटँक बत्तीमास्तरांच्या दिवाणखान्यात होताच.

"उघड्या उन्हात वाढलंय हो ते," त्या म्हणाल्या. "तुमच्या दिव्यांची त्याला सवय नाही. आधी तळाशी ठेवा, वरून जाळी घाला, उजेड बेताबेतानं वाढवा. घाई केलीत तर हातचं जाईल."

तेव्हा मास्तरांनी ते वाक्य टाकलं. टाकणारच. सारी हयात नाटकांना दिवे देण्यात गेलेली. साठीच्या नायकाला त्यांनी कॉलेजकुमार करून दाखवला होता, प्लायवूडच्या भिंतीमागून पहाट काढली होती. विहीणबाई गेल्यावर त्यांनी अंधारातच प्रवाळ टँकच्या तळाशी ठेवलं आणि निळा दिवा मंद करून लावला, तर प्रवाळ असं काही गुलाबी-हिरवं झळाळून उठलं, की ते बायकोला हाताला धरून बघायला घेऊन आले.

सकाळी त्यांनी पांढरा दिवा लावला. प्रवाळ तपकिरी!

"अगं, करपलं गं!"

"रात्रीत कसं करपेल?" बायको म्हणाली. ती एके काळी त्याच नाटकांतून नायिकेच्या मैत्रिणीची कामं करायची. नवऱ्याच्या आरडाओरड्याची तिला सवय होती.

"निळ्यानं घात केला!" मास्तरांनी निळ्या बटणावर चिकटपट्टी मारली आणि टँकवर मच्छरदाणीचा तुकडा घातला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग पिठाची चाळणी. प्रवाळ तपकिरीच. म्हणजे उजेड कमी पडत असणार, असं म्हणून त्यांनी सगळं काढलं आणि माळ्यावरचा नाटकाचा जुना स्पॉटलाइट आणून लावला. मासे दगडाआड पळाले, प्रवाळानं आपली इवली इवली तोंडं गपकन मिटली आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. पुन्हा मच्छरदाणी आली.

"मला चपात्या करायच्यात. निदान चाळणी तरी द्या," बायको म्हणाली.

"विहीणबाईंना काय तोंड दाखवू, ते सांग आधी! लेकीच्या सासूची ठेव आहे ती!"

तेवढ्यात फोन वाजला. विहीणबाईच होत्या. "सहज फोन केला. आज दुपारी चक्कर टाकू का?"

"या की!" मास्तर म्हणाले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. पण हाडाचा नाटकवाला तो. थोड्या वेळानं उठले, ट्रंकेतून गुलाबी जिलेटीन पेपर काढला आणि दिव्याखाली ताणून बसवला. खिडक्यांचे पडदे ओढले. प्रवाळ नव्या नवरीसारखं लाजलं.

दुर्दैवानं बाकी सगळंही लाजलं. मासे, भिंत, कपातला चहा आणि आत आलेल्या विहीणबाईंचे पांढरेशुभ्र केससुद्धा.

"रंगकाम काढलंत का, व्याहीबुवा?" त्यांनी विचारलं आणि टँकपाशी जाऊन सरळ तो कागद ओढून काढला.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"अगंबाई! कसं छान ठेवलंत हो!"

मास्तरांनी एक डोळा उघडला. "छान? अहो, तपकिरी झालंय ते."

"गच्चीवर तस्संच होतं की! नवख्याच्या हाती गेलं की पांढरं पडतं, मग संपलंच. तपकिरी म्हणजे खाऊनपिऊन सुखी."

"पण त्या दिवशी संध्याकाळी गुलाबी..."

विहीणबाईंनी चिकटपट्टी सोलली आणि निळं बटण दाबलं. प्रवाळ झळाळलं, अगदी पहिल्या दिवसासारखं.

"निळ्या उजेडात हे असंच दिसतं. दिव्याची करामत. आता हेही मीच सांगायचं, आणि तेही तुम्हाला?"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला, पण चेहरा पडायचा तो पडलाच. विहीणबाई हसायला लागल्या, तशी बायकोही हसत हसत येऊन त्यांच्याशेजारी बसली.

"त्यांचं हे नेहमीचंच आहे," ती म्हणाली. "मलाही त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते स्टेजवर, ह्याच गुलाबी कागदाखाली. लग्नानंतरच्या सकाळी खिडकीच्या उजेडात पाहिलं, तेव्हा अस्सेच बघत राहिले होते."

"मी काही बोललो का तेव्हा?" मास्तर कळवळून म्हणाले.

"नाही. उलट उठून खिडकीचा पडदा थोडासा ओढलात आणि चहा करून आणलात." बायकोनं तो गुलाबी कागद उचलून गुडघ्यावर नीट सपाट केला. "म्हणून तर मी रुजले."