थोरलं इंजिन, धाकटं इंजिन

मुलांनो, एका जंगलाचं लांडग्यांशी युद्ध चालू होतं. कारण काय, ते दोन्ही बाजू विसरल्या होत्या. म्हणून युद्ध अगदी जोरात होतं.

एके सकाळी लांडग्यांनी डोंगरापलीकडच्या कुरणाला वेढा घातला. आत हरिणीची पाडसं अडकली. हरिणी धावत सिंहमहाराजांकडे गेली.

"महाराज, विमान पाठवा! अंधार पडला की लांडगे माझ्या पाडसांना खातील."

"लगेच!" महाराज म्हणाले.

विमान होतं. वैमानिक घारही तयार होती. फक्त इंजिन बसवायचं होतं, आणि इंजिनं होती दोन. दोन्हींचे सिलिंडर सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखे गोल मांडलेले. थोरल्याला पाकळ्यांच्या दोन रांगा. ताकद दांडगी, तहानही दांडगी. धाकट्याला एकच रांग. ताकद बेताची, पण पेट्रोल अगदी पुरवून पुरवून प्यायचं.

"कोणतंही द्या," घार म्हणाली. "दोन्ही जाऊन येतील."

"असं कसं?" हत्ती मंत्री म्हणाला. "थोरलंच बसवा. काय ताकद आहे!"

"आणि खातं किती?" कासव मंत्री म्हणालं. "अगदी तुझ्यावर गेलंय, गजोबा."

महाराजांनी तुलनेचा हुकूम दिला. त्या जंगलात प्रत्येक परीक्षा महाराजांच्या डोळ्यांसमोर व्हायची. महाराजांना उडता येत नव्हतं. म्हणून विमानाची परीक्षाही जमिनीवरच ठरली.

विमान दोरखंडाने वडाला बांधलं. थोरलं इंजिन असं गरजलं, की महाराजांची आयाळ मागे गेली. मग धाकटं लावलं. तेवढ्याच पेट्रोलवर ते घुमतच राहिलं, थांबेचना.

"वारा धाकट्याच्या बाजूने होता," हत्ती म्हणाला. "पुन्हा घ्या!"

पुन्हा घेतलं. मग कासवाने पुन्हा मागितलं.

"महाराज, माझी पाडसं?" हरिणीने विचारलं.

"त्यांच्यासाठीच चाललंय ना हे, बाई!"

उन्हं कलली. पेट्रोल संपलं.

तेवढ्यात डोंगरावरून पाडसं उड्या मारत आली.

"आई, लांडगे पळाले! सारखा घरघराट येत होता ना, त्यांना वाटलं, शेकडो विमानं निघालीत!"

हरिणी त्यांना चाटत सुटली. महाराजांनी हत्तीला आणि कासवाला पदकं दिली. दिवसभरात एकदाही उड्डाण न केल्याबद्दल घारीला नोटीस मिळाली.

तात्पर्य: संकटात सापडलेल्यांना मदत पाठवू नये. मदतीची तयारी मोठ्या आवाजात करावी. ते वाचले तर पदक मिळतं. नाही वाचले तर पेट्रोल संपलं होतं, असं सांगता येतं, आणि ते खरंही असतं.